नाव स्पष्ट आवाजात सांगा

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

एक बातमी आहे आणि एक तक्रार. बातमी आधी.

तुमच्या कंपनीचं काम आमच्याकडे आलं आहे! सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी पोर्टल बनवायचं आहे. म्हणजे संगणक अडला, प्रिंटर बिघडला, पासवर्ड विसरला, की हेल्पडेस्कला फोन लावून ते रटाळ संगीत ऐकत ताटकळायचं नाही. पोर्टल उघडायचं आणि काय झालंय ते लिहायचं. सोपं असेल तर उपाय तिथेच वाचून आपलं आपण निस्तरायचं, नाहीतर विनंती नोंदवायची आणि ती कुठवर पोचली ते बघत राहायचं. सहा जणांच्या टीमची प्रमुख मी. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे आता दादाची साहेब झालीस का?" मी म्हटलं, नाही गं, दादाचा पासवर्ड हरवला तर शोधून देणारी.

तू इतकी वर्षं त्या डेपोत मालाची रवानगी बघतोयस. तुमचं कुठे कुठे अडतं ते मला सविस्तर लिही. इथे मीटिंगमध्ये बसलेल्यांपैकी कोणी गोदामात पाऊल ठेवलेलं नाही.

आता तक्रार. तुझा रविवारचा फोन बंद झाला त्याला किती महिने झाले? आम्ही लावला की वहिनी उचलते आणि म्हणते, ते आंघोळीला गेलेत. दर रविवारी तू आंघोळीलाच कसा असतोस? आई वाट बघून मग उठून जाते. मेल येतात तुझ्या, त्या मी तिला मोठ्याने वाचून दाखवते, तिचा चष्मा कधी जागेवर नसतो म्हणून. पण वाचणारा आवाज माझा असतो ना.

तुझी छोटी

१५ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

अभिनंदन. आईला सांग, साहेब झाली तरी लहानपणी माझी सायकल नाल्यात घातली होती ते मी विसरलेलो नाही.

फोनचं म्हणशील तर माझ्या मोबाइलचा माइक गेलाय. दुरुस्तीला टाकायला सवड नाही. आईला म्हणावं मी ठणठणीत आहे, जेवतो, झोपतो, वजनही वाढलंय.

आता तुझं काम. पहिली गोष्ट, आमच्या लोकांना यंत्रांची खरी नावं माहीत नाहीत. माल नोंदवायच्या हातातल्या स्कॅनरला सगळे 'पिस्तूल' म्हणतात. 'पिस्तूल आवाज करतं पण वाचत नाही' असं कोणी लिहिलं तर तुझ्या पोर्टलला ते कळलं पाहिजे, पोलिसांना बोलावू नये. वजनकाट्यावर एक बाई आहेत, डेपो त्यांना काटेवहिनी म्हणतो. त्या म्हणतात, "स्क्रीन रुसली." त्यांच्या मते तो तांत्रिक शब्द आहे.

दुसरी, अडचणीचा विभाग कुठला ते आम्हाला विचारू नका. नेटवर्क की सर्व्हर की आणखी काही, हे कळलं असतं तर तक्रारच केली नसती.

तिसरी, हातमोजे घातलेले असतात. बटणं मोठी ठेवा.

चौथी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सगळं लिहून होऊ दे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये कुठेही 'अधिक माहितीसाठी फोन करा' असं नको.

तुझा दादा

३ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र टीममध्ये वाचून दाखवलं. 'पिस्तूल' आता आमच्या शोधयादीत आहे आणि 'रुसली'सुद्धा. मोठी बटणं मान्य. विभागाचा प्रश्न काढून टाकला, त्यावर तुमच्या संगणक विभागाच्या प्रमुख बाई जरा नाराज झाल्या, कारण तो तक्ता त्यांनी स्वतः बनवला होता.

फोनबद्दल मात्र एक ठिकाणी तुझं ऐकता येणार नाही. पासवर्ड. मागे कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने हेल्पडेस्कला फोन करून खातं उघडून घेतलं आणि माल भलतीकडे पाठवला, हे तुला माहीत असेलच. म्हणून मी अशी योजना मांडली आहे: पासवर्ड विसरला की पोर्टल त्या माणसाला स्वतः फोन करेल, तो आपलं नाव आणि स्क्रीनवर दिसणारा एक आकडा बोलेल, ते जुळलं की खातं खुलं. कॉल रेकॉर्ड होईल, शंका आली तर कोणीतरी ऐकेल. प्रमुख बाई एकदम खूश. म्हणाल्या, "आवाज काही कोणाला चोरता येत नाही."

कल्पना माझी आहे, म्हणून जरा भाव खाऊन घेते.

आई बरी आहे. चष्मा अजून सापडलेला नाही. रविवारी दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून तरी बोल. दोन वाक्यं.

तुझी छोटी

६ मार्च

छोटी,

ते फोनचं काढून टाक.

गोदामात माल वाहणारे पट्टे चालू असतात, ट्रक मागे घेताना भोंगे वाजतात. तिथे कोणाचं काय ऐकू येणार? शिवाय लोकांना यंत्राशी बोलायला संकोच वाटतो. माणसाला बोलायला लावू नका. तुझं पोर्टल चांगलं होतंय, त्यात हा खुळखुळा कशाला?

दुसरा काही उपाय नक्की निघेल. तू हुशार आहेस.

दादा

२० मार्च

दादा,

पंधरवडा थांबले, म्हटलं राग उतरू दे, मग लिहावं. माझा राग, तुझा नव्हे.

'काढून टाक' असं तू मला लहानपणी म्हणायचास, पतंगाच्या मांज्यात बोट घातलं की. आता मी हे काम पोटापाण्यासाठी करते आणि मला त्यातलं थोडंफार कळतं. गोंगाटाचा मुद्दा मी बैठकीत मांडला. ऑफिसच्या खोलीत जाऊन फोन घ्यावा असं ठरलं. संकोचाचं काही करता येत नाही.

खरं विचारू? तुझ्या मनात दुसरंच काही आहे का? आईला मी माझ्याकडे आणलं ते तुला आवडलं नव्हतं. तू तेव्हा "ठीक आहे" म्हणालास, पण तुझं 'ठीक आहे' मला ओळखू येतं. त्यानंतर काही महिन्यांतच फोन बंद झाले. माइक इतके दिवस नादुरुस्त राहत नाही, दादा. माझ्यावर राग असेल तर मला झाप. आईला कशाला शिक्षा?

हा भाग तिला वाचून दाखवलेला नाही.

सोमवारपासून पोर्टल तीन डेपोंत चाचणीसाठी सुरू होतंय. त्यात तुमचा आहे.

छोटी

९ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. असो. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे.

चाचणी छान चालली आहे. काटेवहिनींनी बहुतेक पोर्टलवर मुक्कामच ठोकलाय, 'रुसली' हा शब्द सगळ्यात जास्त वेळा शोधला गेला.

आणि माझ्या त्या 'खुळखुळ्या'ने एक लबाडी पकडली! तीही तुमच्याच डेपोत. पासवर्डचा फोन गेला, खातं एका पुरुषाचं, आणि नाव सांगणारा आवाज बाईचा. सरळ सरळ दुसऱ्याचं खातं वापरायचा प्रयत्न. खातं लगेच बंद केलं आणि डेपोला चौकशीचं पत्र गेलं. रेकॉर्डिंग हेल्पडेस्क ऐकतं, आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक. प्रमुख बाईंनी भर बैठकीत माझं कौतुक केलं.

तुझ्या हाताखालचा कोणी नाही ना? असेल तर सांभाळून राहा, अशा माणसाची साथ तुलाही महागात पडायची.

छोटी

११ एप्रिल
(ऑफिसच्या पत्त्यावर)

छोटी,

ही मेल तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरी मेल आली की तू आईला वाचून दाखवतेस, आणि हे तिने ऐकायचं नाही. दार लावता येत असेल तर लावून घे.

तो लबाड मी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर घसा बसला. बसला तो उठेचना. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ, वाईट जातीची. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. सगळंच. आता मानेला पुढून एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो, वरून पातळ रुमाल बांधतो. गाठ पूर्ण निघाली, नंतरच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या, हे आधी नीट वाच, पुन्हा वाच. मी बरा आहे. फक्त आवाज नाही. हनुवटीखाली धरायचं एक यंत्र मिळतं, त्याने घरघर करत बोलता येतं, ते शिकतोय. पण अजून तुझ्या वहिनीलाही माझं निम्मं कळत नाही.

तुमच्यापैकी कोणाला सांगितलं नाही, कारण बाबा. तेही घशाच्या याच दुखण्याने गेले. आईने ते सगळं एकटीने काढलं, आपण दोघं शिकायला बाहेर होतो. मला वाटलं, नुसतं 'घसा' म्हटलं तरी ती खचेल. तपासण्या होऊन जाऊ देत, बोलायला लागलो की सांगू, असं करता करता इथवर आलो. वहिनीला खोटं बोलायला लावलं, तिचा खूप जीव जळतो. आईला तुझ्याकडे नेलंस ते मला खरंच आवडलं नव्हतं. पण तेव्हा तू ते केलंस म्हणून मला उपचार घेता आले, तिला कळू न देता. तर तो हिशोब तुझ्या डोक्यातून काढ.

कामावर आमच्या डेपो मॅनेजरांना माहीत आहे. वरच्या ऑफिसला नुसतं 'शस्त्रक्रिया' एवढंच कळवलंय. रवानगीच्या जागेवर फोनवर बोलणं भाग असतं. बोलता येत नाही हे कळलं तर मला तिथून हलवतील, असं दोघांनाही वाटलं. ड्रायव्हरांशी काटेवहिनी बोलतात, मी कागदावर लिहून देतो. त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं.

गेल्या आठवड्यात पासवर्ड अडकला. तुझ्या पोर्टलने मला फोन केला. बाईचा छान आवाज होता. म्हणाली, "कृपया आपलं पूर्ण नाव स्पष्ट आवाजात सांगा." मी फोन कानाला लावून उभा. ती पुन्हा म्हणाली. बाहेर ट्रक लागलेले, ड्रायव्हर काचेवर टकटक करतायत. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा काटेवहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि माझं नाव ठणकावून सांगितलं. पुढचं तुला माहीत आहे.

चौकशी काटेवहिनींवरही आहे. त्यांचा यात काही दोष नाही.

तुझ्यावर राग नाही. तुला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

दादा

१२ एप्रिल

दादा,

दार लावलं होतं. तरी माझं रडणं बाहेर ऐकू गेलं असणार, कारण टीममधली एक मुलगी पाणी ठेवून गेली.

मी तुझ्याविरुद्ध टाळ्या घेतल्या.

तपासण्यांचे कागद मला पाठव. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे आहेत.

आणि आता माझं ऐक. चष्मा हरवलेला नाही. चष्म्याचा उपयोगच उरलेला नाही. आईच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे, औषधाने थांबलं नाही. तिला उजेड कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. तू काळजी करशील, धावत येशील, नोकरीचा खोळंबा होईल, म्हणून तीच म्हणाली, दादाला कळवू नकोस. म्हणून मी तुझ्या फोनसाठी इतकी मागे लागले होते. व्हिडिओ कॉलचा तिला काही उपयोग नव्हता. तुझा नुसता आवाज हवा होता तिला.

दोघांनी मिळून छान कारभार केला आपण.

चौकशीबद्दल: मी प्रमुख बाईंना आत्ता जाऊन सांगू शकते. पण तुझी गोष्ट आहे, तुझ्या परवानगीशिवाय तोंड उघडणार नाही. लवकर कळव.

छोटी

१७ एप्रिल

छोटी,

कागद सोबत जोडले आहेत.

आईचं वाचून मी काट्याच्या खोलीमागे जाऊन बसलो. मॅनेजर शोधत आले. त्यांना लिहून दाखवलं. ते म्हणाले, "आता लपवणं पुरे करा हो. तुम्हीही आणि मीही." मला ते पटलं.

तू कोणाला सांगू नकोस, मीच सांगतो, असं ठरवलं. पण सांगायचं कसं? फोन करता येत नाही. वरच्या ऑफिसातल्या साहेबांना अर्ज लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत भीक मागितल्यासारखं व्हायला लागलं. मग मॅनेजरांच्या संगणकावर त्यांच्यासमोर तुझं पोर्टल उघडलं. त्यात 'अडचणीचा प्रकार' निवडावा लागतो. 'उपकरण बंद पडले' निवडलं. कुठलं उपकरण, तिथे लिहिलं: माझा आवाज. खाली चार ओळींत सगळं लिहिलं, शस्त्रक्रिया, काटेवहिनींनी माझ्यासाठी नाव सांगितलं तेही, खाली मॅनेजरांचं नाव साक्षीला.

दुपारी हेल्पडेस्कच्या बाईंचं उत्तर आलं. 'नोंद घेतली. तुमच्या नावासमोर "फोन करू नये" असं टाकलं आहे. मॅनेजरांनी ओळख पटवल्यामुळे खातं सुरू केलं आहे. चौकशी विभागाला कळवलं आहे. पुढे काहीही अडलं तर इथेच लिहा, मी वाचते.'

त्याखाली पोर्टलचा नेहमीचा प्रश्न: 'तुमची अडचण सुटली का?' हो आणि नाही, मोठी बटणं. मी बराच वेळ बघत बसलो. मग 'हो' दाबलं.

आता तू बैठकीत बोल. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

दादा

३० एप्रिल

दादा,

आज बैठक झाली. सुरुवातीलाच सांगितलं की तो कर्मचारी माझा भाऊ आहे, म्हणजे माझं म्हणणं त्या हिशोबाने ऐका.

सुरक्षा बघणारे गृहस्थ म्हणाले, "सहानुभूती आहे, पण उद्या कोणीही उठून म्हणेल, मला बोलता येत नाही." मी म्हटलं, म्हणूनच माणसाने माणूस ओळखावा, जसं तुमच्या मॅनेजरांनी ओळखलं. विनंती पोर्टलवर करायची, आकडा त्याच्या वरिष्ठाच्या स्क्रीनवर येईल, वरिष्ठ समोरचा माणूस बघून तो देईल. खोटं दिलं तर वरिष्ठ जबाबदार. मागे जी चोरी झाली ती फोनवरच झाली होती, समोरासमोर झाली नसती. ज्यांचे वरिष्ठ जवळ नसतात, त्या ड्रायव्हरांसाठी फोनचा पर्याय राहील, पण सक्ती नाही.

प्रमुख बाईंनी विचारलं, "अशी माणसं आपल्याकडे आहेत तरी किती?"

मी म्हटलं, माहीत नाही. पोर्टलआधी सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवलेली प्रश्नावली मी बनवली, त्यात हा प्रश्न मीच घातला नव्हता.

मग हेल्पडेस्कच्या बाई, ज्या एरवी बैठकीत चहापुरत्या बोलतात, त्या म्हणाल्या, "मॅडम, मला सर्दी झाली तर ते मशीन माझंसुद्धा नाव ओळखत नाही." सगळे हसले आणि गाडी रुळावर आली. मंजूर झालं. चौकशी बंद, तुझी आणि काटेवहिनींची. रवानगीच्या जागेचं काय ते कंपनीचे डॉक्टर तुला बघून ठरवतील, पण प्रमुख बाई म्हणाल्या की ड्रायव्हरांना आता सूचना मोबाइलवर लिहूनच जाणार आहेत, त्यामुळे अडायला नको. तुमच्या मॅनेजरांना मात्र लपवल्याबद्दल कानपिचक्या मिळतील.

संध्याकाळी आईला सांगितलं. तू नको म्हणाला होतास. पण आता मला जमेना. सगळं सांगितलं, तिचं तुला कळवलंय हेही. ती भिंतीला टेकून बसली होती. ती सावरून बसली. मग विचारलं, "श्वास नीट घेतो?" हो. "गिळायला त्रास?" नाही. "रात्री उशाला घंटी ठेवली आहे का, हाक मारता येत नाही तर?" मला माहीत नव्हतं. त्यावर चिडली. "एवढं मोठं पोर्टल केलंस आणि हे विचारलं नाहीस?"

मग म्हणाली, "माझी बॅग काढ."

शनिवारी घेऊन येते.

छोटी

२५ मे

प्रिय छोटी,

तू आईला सोडून गेलीस त्याला तीन आठवडे झाले, तुला सविस्तर लिहायला आज सवड मिळतेय.

कंपनीच्या डॉक्टरांनी रवानगीवरच ठेवलंय. आता पोर्टल सगळ्या डेपोंत सुरू झालं. पलीकडच्या डेपोतल्या एका माणसाने, ज्याला बोलताना अडखळायला होतं, पहिल्याच दिवशी लिहून पासवर्ड घेतला, असं मॅनेजर सांगत होते. काटेवहिनी मात्र म्हणतात, पोर्टलमुळे आता कोणावर ओरडायचं तेच कळत नाही.

घंटी ठेवली आहे. आईने पहिल्या दिवशीच वहिनीला बाजारात पाठवलं.

ती दिवसभर बोलते. शेजारच्यांबद्दल, तुझ्याबद्दल, तू जेवत नाहीस याबद्दल. मी घरघरत्या यंत्राने उत्तर द्यायला गेलो तर म्हणाली, "ते ठेव, दमतोस. शिक हळूहळू." वहिनीने सुचवलं, हे लिहितील, मी तुम्हाला वाचून दाखवेन. तेही नको म्हणाली.

संध्याकाळी मी कामावरून आलो की ती मला शेजारी बसवते आणि तिचा हात माझ्या गालावर ठेवते. मग विचारते: दमलास? ट्रक वेळेवर गेले? मान दुखते का आज? भाजीत मीठ जास्त झालं होतं ना, तुझ्या बायकोला सांगत नाही, खरं सांग? गाल वरखाली हलला की हो, आडवा हलला की नाही. अजून तिने एकही प्रश्न असा विचारलेला नाही ज्याला याहून मोठं उत्तर लागेल. बाबांच्या शेवटच्या दिवसांत हे ती शिकली असणार. तेव्हा आपण तिथे नव्हतो.

काल तिने विचारलं, "मी इथेच राहिले तर चालेल?"

हात गालावर होताच.

तुझा दादा